सिंधूकाठचा माणूस



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो, त्यांच्या हाताखाली शिकलेली बरीच मंडळी समोर दिसत आहेत. त्यांना सरांचा तो प्रश्न आठवत असेल. कविता शिकवून झाली, रसग्रहण संपले, मुले वह्या मिटू लागली की सर विचारायचे, "या कवितेच्या दारात कोण उभे राहिले? आत कोणाला घेतले नाही?" त्या वयात आम्हाला प्रश्नच कळत नसे. आजच्या विषयाकडे मी आलो तो मात्र त्याच प्रश्नाचे बोट धरून.

विषय आहे ख्रिस्ती धर्मविचार आणि कल्पनेचे साहित्य. विषय एवढा मोठा की त्यात दोन हजार वर्षे मावतील. मी पाच-सहा ठिकाणीच थांबणार आहे. पण आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. धर्मसिद्धान्ताला नावे ठेवण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. इ. स. ३२५ मध्ये निकाया इथे आणि ४५१ मध्ये कॅल्सिडन इथे धर्माचार्य एकेका शब्दावरून झगडले. ख्रिस्त देव किती, माणूस किती, आणि दोन्ही एकाच वेळी कसा, हे ठरवताना त्यांनी जी काळजी घेतली, ती शब्दांवर प्रेम करणाऱ्या कोणालाही आदराची वाटावी. शेतकऱ्याला बांध लागतो, तसा श्रद्धेलाही लागतो. बांध घातला नाही तर पहिल्याच पावसात माती वाहून जाते.

मग कवी काय करतो? तो बांध फोडतो का? पुष्कळांना तसे वाटते. मला तसे वाटत नाही. मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते सगळे पक्के श्रद्धावान होते आणि बांधाच्या आतच राहत होते. पण बांधाच्या पलीकडे कोणी उभा असला तर त्यांना तो दिसत होता. तो दिसल्यावर त्यांना झोप येत नव्हती. सिद्धान्त उत्तर देऊन उठून जातो, त्यानंतरही हे लोक प्रश्नापाशी बसून राहिले. ख्रिस्ती साहित्यातले जे थोर आहे, ते या बसून राहण्यातून आले आहे, असे मला म्हणायचे आहे.

सुरुवात एका सनापासून करतो. इ. स. १२९०, म्हणजे शके १२१२. नेवाशाला प्रवरेच्या काठी ज्ञानेश्वरी पुरी झाली ते वर्ष. त्याच वर्षी जून महिन्यात इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात बिअट्रिस नावाची एक तरुणी वारली. तिच्यावर लहानपणापासून जीव लावून बसलेला एक कवी तेव्हा पंचविशीत होता. त्याचे नाव दान्ते. इकडे ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ संस्कृतातून मराठीत आणला. तिकडे दान्तेने स्वर्ग-नरकाचा सगळा पसारा विद्वानांच्या लॅटिनमध्ये न मांडता गल्लीबोळात बोलल्या जाणाऱ्या इटालियन बोलीत मांडला. एकाला दुसऱ्याची वार्ता नव्हती, असायचे कारणही नव्हते. पण हा योग मनात असू द्या, कारण थोड्या वेळाने दान्ते आपल्या दिशेला पाहणार आहे.

त्याचे 'डिव्हाइन कॉमेडी' हे काव्य शंभर सर्गांचे. १३०२ मध्ये गावातून हद्दपार झालेल्या, पुन्हा कधीही घरी न गेलेल्या माणसाने लिहिलेले. कवी अरण्यात वाट चुकतो आणि त्याला वाट दाखवायला येतो व्हर्जिल, ख्रिस्तजन्मापूर्वी एकोणीस वर्षे वारलेला रोमन महाकवी. नरकाच्या एकेका पायरीवर तो दान्तेला सांभाळतो, भ्याला तर धीर देतो, प्रसंगी उचलून घेतो. पण हा व्हर्जिल स्वतः कुठे राहतो? नरकाच्या पहिल्याच वर्तुळात. तिथे छळ नाही, आग नाही, फक्त उसासे आहेत. बाप्तिस्मा न झालेली सज्जन माणसे तिथे राहतात. त्यांना देवाची ओढ आहे, पण आशा नाही. त्यांच्यात होमर आहे, ॲरिस्टॉटल आहे, मुसलमानांतले इब्न सिना आणि इब्न रुश्द आहेत, सलाउद्दीनही आहे.

आता काव्याच्या दुसऱ्या भागाच्या, म्हणजे 'शुद्धिलोका'च्या शेवटाकडे जे घडते ते नीट पाहा. शुद्धीचा डोंगर चढून झाला आहे. समोर बिअट्रिस प्रकट होते. दान्तेचे अंग थरथरते. भ्यालेले मूल आईकडे वळावे तसा तो व्हर्जिलकडे वळतो. काहीतरी सांगायचे आहे, आणि जे ओठांवर येते तेही व्हर्जिलच्याच काव्यातून आलेले आहे. वळून पाहतो तर व्हर्जिल नाही. निरोप नाही, मिठी नाही. ज्याने इथपर्यंत आणले तो मागच्या मागे आपल्या उसाशांच्या जागी निघून गेला. दान्ते त्याचे नाव एकदा घेतो, दुसऱ्यांदा घेतो, तिसऱ्यांदा घेतो. समोर स्वर्ग उभा आहे आणि हा रडतो आहे! बिअट्रिस त्याला नावाने हाक मारून म्हणते, अजून रडू नकोस. शंभर सर्गांत कवीचे नाव येते ते या एकाच ठिकाणी.

सिद्धान्त ठाम होता. बाप्तिस्मा नाही तर स्वर्ग नाही. दान्तेने सिद्धान्त मोडला नाही. त्याने त्याची किंमत दाखवली, आणि ती आपल्याला मोजायला लावली.

त्यापुढे तो स्वर्गात जातो. गुरू ग्रहाच्या लोकात न्यायी राजांचे आत्मे एकत्र येऊन एका गरुडाचा आकार घेतात. आत्मे अनेक, पण गरुड बोलतो तो 'मी' म्हणून. दान्तेच्या मनात वर्षानुवर्षे एक प्रश्न कुरतडतो आहे. तो त्याने तोंडाने उच्चारलेलाही नाही. गरुडच तो उच्चारतो. समज, सिंधू नदीच्या काठी एक माणूस जन्मला. तिथे ख्रिस्ताविषयी बोलणारे कोणी नाही, वाचणारे नाही, लिहिणारे नाही. माणसाच्या बुद्धीला कळते तेवढे पाहिले तर त्याची इच्छा चांगली, कृती चांगली, बोलण्यात पाप नाही, वागण्यात पाप नाही. तो बाप्तिस्म्याविना मरतो. त्याला दोषी ठरवणारा न्याय कुठला? त्याने विश्वास ठेवला नाही, यात त्याचा अपराध काय?

मित्रहो, सिंधू म्हणजे दान्तेला जगाची पूर्वेकडची कड. त्या कडेला कोण राहते हे त्याला ठाऊक नव्हते. पण तो हे लिहीत होता तेव्हा ज्ञानदेवांच्या समाधीला वीसेक वर्षे होऊन गेली होती. इच्छा चांगली, कृती चांगली, बोलण्यात पाप नाही, वागण्यात पाप नाही. सिंधू सोडून थोडे दक्षिणेला या, प्रवरेच्या काठावर या. हे वर्णन तुम्हाला कोणाचे वाटते? मी पहिल्यांदा हा सर्ग वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो. युरोपातला सर्वांत मोठा ख्रिस्ती कवी आपल्या स्वर्गाच्या ऐन मध्यात उभा राहून आपल्या आजोबा-पणजोबांविषयी विचारतो आहे!

उत्तर काय मिळते? उत्तर कडक आहे. गरुड म्हणतो, वीतभर पुढचे दिसते त्या नजरेने हजार मैलांवरचा न्याय करायला बसणारा तू कोण? ख्रिस्तावर विश्वास न ठेवलेला कोणी इथे कधी चढून आला नाही. बस. काही अभ्यासक हे उत्तर मऊ करून सांगतात. मला ते पटत नाही. ते कडकच आहे. मात्र लगेच पुढे तोच गरुड म्हणतो की तोंडाने ख्रिस्त ख्रिस्त असा घोष करणारे कितीतरी लोक न्यायाच्या दिवशी, ख्रिस्ताला न ओळखणाऱ्या माणसापेक्षाही त्याच्यापासून दूर उभे असतील.

आणि पुढच्या सर्गात कवी जे करतो त्याला माझ्याजवळ शब्द नाही. गरुडाच्या भुवईत पाच तेजस्वी आत्मे आहेत. त्यांतला एक रिफियस. कोण हा रिफियस? व्हर्जिलच्या 'इनीड'मध्ये ट्रॉय जळत असताना मारला जाणारा एक शिपाईगडी. व्हर्जिलने त्याला दोन-अडीच ओळी दिल्या आहेत. ट्रोजनांत हा सर्वांत न्यायी होता, तरी तो मेला, देवांच्या मनात वेगळे होते, एवढेच. दान्ते त्या दोन ओळींतल्या माणसाला उचलतो आणि स्वर्गात नेऊन बसवतो. बाप्तिस्मा सुरू होण्याच्या हजारावर वर्षे आधी श्रद्धा, आशा आणि प्रीती यांनीच त्याला बाप्तिस्मा दिला, असे सांगतो. कोणत्याही धर्मग्रंथात याला आधार नाही. निर्माता उसाशांच्या जागी आणि त्याने दोन ओळींत निर्माण केलेला शिपाई स्वर्गात! वर गरुड सांगतो की देवाला समोरासमोर पाहणाऱ्या आम्हालाही निवडलेले सगळे ठाऊक नाहीत. सिंधूकाठच्या माणसाचे नाव पुन्हा निघत नाही. पण दार पुरते लागलेले नाही, हे आपल्याला दिसते.

दान्तेपाशी मी बराच थांबलो. आता थोडी पावले भरभर टाकतो.

मे १३७३. इंग्लंडातल्या नॉर्विच गावी तीस वर्षांची एक स्त्री मरणाच्या दारात आहे. तिचे खरे नावही आपल्याला माहीत नाही. ज्या चर्चच्या भिंतीला लागून असलेल्या कोठडीत ती पुढे राहिली, त्या चर्चच्या नावावरून तिला ज्युलियन म्हणतात. त्या दुखण्यात तिला दर्शने झाली आणि त्यांचा अर्थ ती नंतर वीस वर्षे लावत बसली. इंग्रजीत स्त्रीने लिहिलेले म्हणून ओळखले जाणारे सर्वांत जुने पुस्तक ते हेच. तिला प्रभूने सांगितले की सगळे ठीक होईल. दुसरी एखादी असती तर एवढ्यावर समाधान मानून गप्प राहिली असती. ज्युलियन उलट विचारते. पुष्कळ लोक कायमचे शापित होणार, त्यांत ख्रिस्ती न झालेलेही आले, असे धर्मसभा शिकवते, आणि मी ते मानते. मग सगळे ठीक कसे होईल? पुन्हा तोच सिंधूकाठचा माणूस! तिला उत्तर मिळते ते एवढेच, की तुला जे अशक्य ते मला अशक्य नाही. ती धर्मसभेचे शिकवणे सोडत नाही, प्रभूचा शब्दही सोडत नाही. दोन्ही दोन मुठींत धरून ती आयुष्यभर त्या कोठडीत राहते. आणि याच बाईने लिहून ठेवले आहे की येशू आपली आई आहे. तो आपल्याला वेदनेतून जन्म देतो, अंगावर पाजतो. 'माउली' हा शब्द ज्यांच्या तोंडात रोज असतो त्या आपल्या लोकांना हे वाचताना आपल्याच घरात आल्यासारखे वाटते.

तिसरा स्पेनमधला. योहान, 'क्रुसाचा योहान' म्हणून ओळखला जाणारा. अवीलाच्या तेरेसाबरोबर कार्मेल संघाची सुधारणा करायला निघाला म्हणून त्याच्याच संघबंधूंनी डिसेंबर १५७७ मध्ये त्याला पकडून तोलेदोच्या मठात कोंडले. खोली कसली, माणूस जेमतेम आडवा होईल एवढी कोंदट जागा. उजेड यायला वर एक फट. पुढे एका दयाळू पहारेकऱ्याने कागद आणि शाई आणून दिली. ऑगस्ट १५७८ मध्ये पांघरुणाच्या पट्ट्यांचा दोर करून तो खाली उतरला आणि पळाला. तुरुंगात रचलेल्या कविता त्याच्या संगे होत्या.

त्यानंतर त्याने 'अंधारी रात्र' ही कविता लिहिली. आठ कडवी. प्रेयसी रात्री गुपचूप घराबाहेर पडून प्रियकराला भेटते, एवढाच विषय. देवाचे नाव नाही. ख्रिस्ताचे नाव नाही. शिष्यांनी आग्रह केला की अर्थ सांगा. योहान साधा कवी नव्हता. सालामांकाच्या विद्यापीठात धर्मशास्त्र शिकलेला होता. त्याने या आठ कडव्यांवर एक सोडून दोन मोठे भाष्यग्रंथ लिहायला घेतले, आणि दोन्ही अर्धवट सुटले. तिसऱ्या कडव्याच्या पुढे एकही भाष्य गेले नाही. मीलनाची कडवी त्यानंतरची. तिथे भाष्यकार थांबला आणि कवीला एकट्याला पुढे जाऊ दिले. दुसऱ्या एका कवितेच्या भाष्याच्या सुरुवातीला तो सांगतो की प्रेमाची वचने ऐसपैस राहू द्यावीत, म्हणजे ज्याला जेवढे पचेल तेवढे तो घेईल. दारे उघडी ठेवण्याची रीतच नाही का ही?

आता रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्हस्की. याच्याविषयी बोलायचे म्हटले की लोकांना 'करमाझोव बंधू'मधला इव्हान आठवतो. लहान मुलांच्या हालअपेष्टा एकेक करून पुढे ठेवणारा आणि असल्या किमतीत मिळणाऱ्या स्वर्गाचे तिकीट परत करणारा इव्हान. त्याने रचलेली महाधर्माधिकाऱ्याची कथा आठवते. तिच्यात सेव्हिल शहरात परतलेला ख्रिस्त त्या नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याचे सगळे आरोप ऐकून घेतो, एक अक्षरही बोलत नाही, आणि शेवटी त्याचे चुंबन घेतो. विरोधकाला इतके बळ देणारी ख्रिस्ती कादंबरी दुसरी नाही. पण मला आज सांगायचा आहे तो प्रसंग लहान आहे. वाचक तो पटकन ओलांडून जातात.

१८७८ च्या मे महिन्यात दोस्तोयेव्हस्कीचा अल्योशा नावाचा मुलगा अपस्माराच्या झटक्याने गेला. तीन वर्षांचाही झाला नव्हता. हा आजार बापाचा, आणि तो मुलाला भोवला. तुम्ही विचार करा, त्या बापाचे काय झाले असेल. जूनमध्ये तो ऑप्तिना मठात गेला, तिथल्या आम्ब्रोसी या वृद्ध साधूला भेटला. 'करमाझोव बंधू' ही कादंबरी १८७९-८० मध्ये छापली गेली. तिच्या नायकाचे नाव अल्योशा. आणि तिच्या सुरुवातीच्या भागात झोसिमा नावाच्या साधूकडे खेड्यातली एक बाई येते. कितीतरी कोस चालत आली आहे. तिचे मूल गेले आहे. आणखी तीन महिन्यांनी ते तीन वर्षांचे झाले असते.

साधू तिला आधी काय सांगतो? जे धर्म सांगतो तेच. तुझे बाळ देवदूतांत आहे, देवापुढे ते आनंदात आहे, रडू नकोस. यात चुकीचे काही नाही. कुठल्याही प्रवचनात हेच ऐकायला मिळेल. बाई खाली मान घालून ऐकते आणि म्हणते, माझा नवराही हेच सांगतो. बाळ देवाजवळ असेल, पण इथे आमच्याजवळ नाही ना! एकदाच त्याची इवली पावले खोलीत टपटपताना ऐकू आली तर! आणि छातीशी जपून ठेवलेला बाळाचा छोटा कमरपट्टा काढून ती त्याच्याकडे बघते आणि हुंदके देऊ लागते.

श्रोतेहो, त्या कमरपट्ट्यापुढे सिद्धान्त हरला. आणि झोसिमाचे मोठेपण हे की त्याला ते कळले. तो आपले पहिले उत्तर मागे घेतो. म्हणतो, ही तर शास्त्रातली ती राहेल, लेकरांसाठी रडणारी, समजूत घालून न घेणारी. तू समजूत घालून घेऊ नकोस. रड. फक्त प्रत्येक वेळी रडताना आठव की तो तिथून तुझ्याकडे पाहतो आहे. फार दिवसांनी या रडण्याचाच शांत आनंद होईल. मग तो मुलाचे नाव विचारतो. अलेक्सेई, म्हणजे अल्योशाच. आणि सांगतो, नवऱ्याकडे परत जा.

समाधान नाकारणाऱ्या आईला बाहेर न काढता तिच्या नकाराला शास्त्रातच जागा शोधून द्यायची, हे कादंबरीकाराने केले.  ही पाने लिहिणाऱ्याच्या पदरात ती बाई येण्याआधीच एक कमरपट्टा होता, हे उघड आहे.

आता आपल्याकडे या. गोव्यात, साष्टीत या.

थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडच्या विल्टशायरमधले. कॅथलिक असल्यामुळे त्या काळच्या इंग्लंडात त्यांना जागा नव्हती. रोमला जाऊन ते जेझुइट झाले, आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याला उतरले. उरलेली चाळीस वर्षे त्यांनी इथेच काढली आणि १६१९ मध्ये इथेच देह ठेवला. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्या पुराणात येशूचे चरित्र. मराठीच्या थोरवीच्या त्यांच्या ओव्या आपण शाळेपासून ऐकत आलो. माझे लक्ष आज दुसरीकडे आहे. हे पुराण सुरू कसे होते?

ते एका प्रश्नाने सुरू होते. रविवारची प्रार्थना आटोपली आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांपैकी एक जण पाद्रीगुरूंपुढे येतो आणि नम्रपणे बोलतो. आमची पहिली पुराणे तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरे पुराण का देत नाही?

त्या माणसाचे नाव ग्रंथात नाही. पण तो कुठून आला ते आपल्याला माहीत आहे. साष्टीतली देवळे १५६७ च्या सुमारास पाडली गेली. मराठी पोथ्या जाळल्या गेल्या. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना मारले आणि त्याचा सूड म्हणून गावचे प्रमुख मारले गेले. फादर स्टीफन्स तेव्हा त्याच भागात होते. हा सगळा धूर त्या प्रश्नाच्या पाठीमागे आहे. तो हात जोडून विचारलेला प्रश्न आहे, पण तक्रारही आहे. आमच्या तोंडचे काढून घेतलेत, आता तोंडाला काय देता?

फादर स्टीफन्स ही तक्रार लपवू शकले असते. मंगलाचरण करून थेट सृष्टीच्या उत्पत्तीकडे वळले असते तर कोणी विचारले नसते. त्यांनी ती तक्रार ग्रंथाच्या उंबरठ्यावर ठेवली. जे सत्तेने केले ते त्यांना मान्य नव्हते, असे मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही, आणि आपल्या आवडत्या माणसाला उगाच निर्दोष ठरवू नये. पण कवी म्हणून त्यांनी त्या माणसाला बोलू दिले. पुढेही कथेच्या ओघात श्रोते शंका विचारतात, गुरू थांबतात, सांगतात, पुन्हा चालू लागतात. ही आपल्या पुराणिकाचीच रीत.

आणि शब्द पाहा. स्वर्गाला त्यांनी कोणता शब्द घेतला? वैकुंठ. विष्णूची देवळे जिथे उभी राहू दिली नाहीत, तिथे देवाच्या राज्याचे नाव वैकुंठ! देवळातून ज्याला बाहेर काढले तो शब्दातून आत आला. ओवी आली म्हणजे तिच्याबरोबर ज्ञानदेव आले, एकनाथ आले. छंद ही नुसती पिशवी नसते. तिला आधीच्या धान्याचा वास असतो.

इथे एक अनुभव सांगतो. एका ग्रंथालयात मला १९०७ ची मंगळूरची आवृत्ती हाताळायला मिळाली. पोथी रोमन लिपीत आहे. मराठी अक्षरांचे खिळे पाडायला परवानगी द्या, असे फादर स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये रोमला कळवले होते, पण ते घडले नाही. मी पान उघडले आणि मला काही वाचता येईना. 'श'च्या जागी एक्स, 'ण'च्या जागी दोन एन, अनुस्वाराच्या जागी शेवटी एम. डोळ्यांना पोर्तुगीज दिसत होते. दहा मिनिटे अशी गेली. मग मी हळू आवाजात एकेक अक्षर लावत वाचू लागलो. पहिला चरण अडखळत गेला, दुसरा थोडा सैल झाला, तिसऱ्याला यमक सापडले आणि चौथा आखूड चरण आपोआप जिभेवर येऊन बसला. ओवी! समोरच्या टेबलावरचे गृहस्थ वर बघू लागले, तरी मला थांबता येईना. जे डोळ्यांना परके होते ते कानाला घरचे निघाले. पहिल्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज सापडत नाही. हे पुराण टिकले ते लोकांनी हाताने उतरवून घेतले, घरात आणि चर्चमध्ये म्हटले म्हणून. ज्याने पुराण मागितले होते, त्याच्याच नातवंडा-पतवंडांनी ते राखले.

शेवटी टिळक पती-पत्नी. इथे फार सांगायची गरज नाही, लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' तुम्ही सर्वांनी वाचली आहेत. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत झाला. तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. या वाक्याचा सिद्धान्ताच्या भाषेत अर्थ लावू गेलात तर फार अडचण होईल. देहूचा वाणी स्वतः बाप्तिस्म्याविना गेलेला, आणि त्याचा पूल मात्र थेट ख्रिस्ताच्या पायांपाशी उतरतो! टिळकांनी ती अडचण सोडवत बसण्यापेक्षा अभंग लिहिले. त्यांत ख्रिस्ताला माउली म्हटले, गुरू म्हटले. नॉर्विचच्या त्या कोठडीतल्या बाईची ओळख त्यांना असायचे कारण नव्हते. त्यांना हा शब्द आळंदी-देहूकडून मिळाला.

आणि लक्ष्मीबाई? नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या बाहेर राहिल्या. पाच वर्षे. सोवळे, जात, माहेरची अब्रू, सगळे त्यांनी धरून ठेवले, आणि तेही मुलाला पदरी घेऊन, रडत, भांडत, वाट पाहत. त्यांच्या मनातली जातीची गाठ आधी सुटली. ती कोणाच्या प्रवचनाने सुटली नाही, त्यांनी स्वतःशी विचार करून सोडवली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी त्या पाच वर्षांतले काहीही झाकले नाही. आपला राग झाकला नाही, टिळकांचा विक्षिप्तपणा झाकला नाही.

टिळकांनी १९०९ मध्ये 'ख्रिस्तायन' लिहायला घेतले. येशूचे चरित्र, ओवीत. मे १९१९ मध्ये ते गेले तेव्हा दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्यांना लिहा-वाचायला लग्नानंतर नवऱ्याने शिकवले, त्या बाईंनी. आज आपल्या हातात जे 'ख्रिस्तायन' आहे, त्यातला मोठा भाग त्या हाताने लिहिलेला आहे, ज्या हाताने पाच वर्षे बाप्तिस्म्याचे पाणी नाकारले होते.